मीटर कोणाच्या बाजूनं बोलतो?



आजचा विषय आहे विजेचा मीटर, आणि त्याच्या पोटातलं सर्किट. हा विषय रांजणगावात मांडावा, याला कारण आहे. महाराष्ट्रातले दोन टोकांचे वीजग्राहक इथं बांधाला बांध लावून राहतात. एका बाजूला बावीस हजार व्होल्टवर वीज घेणारा कारखाना. त्याच्या आवारात मीटर क्यूबिकल आहे, त्यात ट्रायव्हेक्टर मीटर आहे आणि त्याचा पॉवर फॅक्टर दुसऱ्या दशांशापर्यंत तपासला जातो. दुसऱ्या बाजूला चासकमानच्या नाहीतर घोडच्या पाण्यावर ऊस आणि कांदा घेणारा शेतकरी. त्याच्या पंपाला कित्येकदा मीटरच नसतो. असलाच तर चालू नसतो, आणि चालू असला तर त्याचं रीडिंग कोणी घेत नाही. एकाच लाईनीवरची वीज, एकच कंपनी, एकच कायदा. मग मोजण्यात एवढा फरक का? आणि जिथं अगदी काटेकोर मोजलं जातं, तिथं तरी नेमकं काय मोजलं जातं, आणि काय मोजूनही सांगितलं जात नाही?

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मीटरची विद्या इतकी पुढं गेली आहे, की आजच्या मीटरला दोन गोष्टी ठाऊक असतात. ग्राहकानं किती वीज घेतली ही एक, आणि कंपनीनं कशी वीज दिली ही दुसरी. पहिली आपल्या बिलावर छापून येते. दुसरी त्याच मीटरमध्ये, त्याच चिपमध्ये मोजलेली असते, पण ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. मीटर साक्ष दोन्ही बाजूंची देऊ शकतो, आपण मात्र ती एकाच बाजूची नोंदवून घेतो. हे बदललं पाहिजे, आणि ते बदलायला नवं यंत्र लागत नाही.

थोडा इतिहास पाहू, कारण या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. एडिसननं १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरोघर वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती मोजायची कशी हा प्रश्न त्याच्यापुढं उभा राहिला. त्यानं रासायनिक मीटर काढला. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवायच्या आणि ग्राहकाच्या प्रवाहाचा ठरावीक छोटा हिस्सा त्यातून जाऊ द्यायचा. एका पट्टीचं जस्त झिजून दुसरीवर चढायचं. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या काढून न्यायचा, कंपनीत त्यांचं वजन व्हायचं आणि वजनातल्या फरकावरून बिल निघायचं. शास्त्र चोख होतं. पण ग्राहकानं त्या भांड्यात डोकावून काय पाहायचं? त्याला काहीही दिसत नव्हतं. मोजणारी कंपनी, वजन करणारी कंपनी, आकडा सांगणारीही कंपनी.

ही एकतर्फी व्यवस्था मोडली ती फिरत्या चकतीनं. १८८५ मध्ये तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिसनं फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं तत्त्व दाखवून दिलं. अमेरिकेत शॅलेनबर्गरनं १८८८ मध्ये त्या तत्त्वावर मीटर बनवला, आणि १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथीनं आपल्या ओळखीचा झालेला मीटर आणला. व्होल्टेजचा एक चुंबक, प्रवाहाचा दुसरा, मधे ॲल्युमिनियमची चकती आणि तिला आवरणारा कायमचा चुंबक. जितकी शक्ती जास्त तितकी चकती जोरात फिरणार. काचेआडची ती चकती आणि तिच्या कडेवरची काळी खूण पाहत आपल्या आजी-आजोबांच्या पिढ्या मोठ्या झाल्या. घरातले सगळे दिवे बंद केले की चकती थांबते का, हे कोणालाही पाहता यायचं. कंपनी आणि ग्राहक दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. चकतीचं मोठेपण मी तिच्या अचूकतेपेक्षा या दिसण्यात मानतो.

अचूकतेत ती कमीच होती. बेअरिंग झिजायचं, चुंबक मंदावायचा, धूळ बसायची. प्रवाह फारच कमी असला तर घर्षणापुढं चकतीचं काही चालायचं नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक मीटर आला. या मीटरच्या आत काय चालतं ते जरा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

घरात येणारं व्होल्टेज २३० असतं, पण लाटेच्या माथ्यावर ते सव्वातीनशेला पोहोचतं. चिपला सोसवतो त्याचा सुमारे हजारावा भाग. म्हणून रोधकांची साखळी लावून ते अर्ध्या व्होल्टच्याही खाली आणतात. प्रवाहासाठी मँगॅनिनसारख्या मिश्रधातूचा एक जाड तुकडा असतो, त्याला शंट म्हणतात. त्याचा रोध इतका कमी, की पाच अँपिअर वाहिले तर त्याच्या दोन टोकांत एखाद मिलिव्होल्टचाच फरक पडतो. आता या दोन इवल्याशा, सतत हलणाऱ्या लाटांचे आकडे करायचे. ॲनालॉगचं डिजिटल करायचं. आणि करायचं अशा चिपवर, जी दोनेक हजार रुपयांच्या डब्यात उन्हातान्हात वर्षानुवर्षं टिकली पाहिजे.

इथं ज्या शोधानं हात दिला त्याचं नाव सिग्मा-डेल्टा. कल्पनेचं बीज बेल लॅबोरेटरीजमधल्या कटलरचं, आणि तिला आजचं रूप दिलं टोकियो विद्यापीठातल्या इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ मध्ये. कल्पना अशी. समजा, एका दुकानदाराकडे सुटे पैसेच नाहीत, फक्त दहाच्या नोटा आहेत. गिऱ्हाइकाचे रोज सात रुपये होतात. दुकानदार एखाद्या दिवशी दहाची नोट घेतो, एखाद्या दिवशी काहीच घेत नाही, पण उरलेली बाकी वहीत मांडून दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात धरतो. एका दिवसाचा व्यवहार पाहिला तर साफ चुकीचा. शंभर दिवसांचा काढला तर सत्तर नोटा, म्हणजे बरोब्बर सातशे रुपये. सिग्मा-डेल्टा कन्व्हर्टर हेच करतो. त्याला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच म्हणता येतं, पण प्रत्येक वेळची चूक तो पुढच्या वेळी वळती करून घेतो आणि हे सेकंदाला लाखो वेळा करतो. एका उत्तराला किंमत नाही, हजारो उत्तरांची सरासरी मात्र हजारावा भाग चुकू देत नाही. महागडे, काटेकोर जुळवलेले रोधक न वापरता स्वस्त सिलिकॉनवर अचूकता मिळाली, ती या बाकी न विसरण्यामुळं.

पुढं गुणाकार. त्या क्षणाचं व्होल्टेज गुणिले त्या क्षणाचा प्रवाह, आणि अशा सगळ्या क्षणांची बेरीज. इथं वेळेचं भान इतकं लागतं की थक्क व्हावं. दोन लाटांच्या मोजणीत अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडला, तर तो किती उशीर? एका सेकंदाचे एक लाख ऐंशी हजार भाग करा, त्यातला एक भाग. एवढ्याशा उशिरानं पॉवर फॅक्टर अर्ध्यावर असलेल्या कारखान्याचं मोजमाप सुमारे ०.३ टक्क्यानं चुकतं. मोठ्या कारखान्याच्या महिन्याच्या बिलात ०.३ टक्के म्हणजे काय, हे इथल्या मेंटेनन्सच्या मंडळींना सांगायला नको. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून आकारणी, लागू झालं, तेव्हापासून तर व्होल्टेज आणि प्रवाहाच्या लाटांमधला कोन थेट पैशात उतरतो.

चकती गेली, तिच्या जागी आता एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या दर्शनी भागावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, समजा ३२०० इम्पल्स प्रति युनिट. म्हणजे ३२०० लुकलुकण्यांना एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त हजार वॅटची इस्त्री किंवा गीझर चालू ठेवा. मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. ७० वेळा लुकलुकला तर लेखी तक्रार करा, ५३ च्या आसपास राहिला तर मीटरवर विश्वास ठेवा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मधेच तोडत नाही ना एवढं पाहायचं, आणि व्होल्टेज कमी असेल तर आकडाही कमी येणार हे लक्षात ठेवायचं. चकतीची जी पारदर्शकता होती तिचा हा उरलेला धागा आहे, आणि फार थोड्या लोकांना तो माहीत आहे.

आता तुमच्यातल्या अनेकांच्या मनातला आक्षेप. ‘इलेक्ट्रॉनिक मीटर फास्ट पळतो.’ जुना काढून नवा बसवला की बिल वाढलं, हे घरोघरी ऐकू येतं. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचा एक भाग असा, की जुनी चकती किरकोळ भाराला हलतच नव्हती. नव्या मीटरला पाच अँपिअरच्या मूळ प्रवाहावर पंचवीस मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाहाला मोजणी सुरू करावी लागते, म्हणजे अवघ्या पाच-सहा वॅटला. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, देव्हाऱ्यातला दिवा, हे सगळं आता मोजलं जातं. मीटर फास्ट झाला नाही, आधीचा मंद होता. पण एवढ्यावर थांबणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की काही इलेक्ट्रॉनिक मीटर विशिष्ट भाराखाली खरोखरच भयंकर चुकतात. डिमर आणि स्वस्त एलईडी दिव्यांसारख्या उपकरणांनी प्रवाहाची लाट चिरफाळली, तेव्हा एका मीटरनं खऱ्यापेक्षा ५८२ टक्के जास्त दाखवलं, आणि काहींनी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कमीही दाखवलं. जास्त दाखवणाऱ्यांत रोगोव्स्की कॉइल होती. ती प्रवाह मोजत नाही, प्रवाह किती झपाट्यानं बदलतो ते मोजते, आणि एकदम तुटणाऱ्या लाटेपुढं तिच्यामागचं सर्किट गोंधळून जातं. हे प्रयोगशाळेतले टोकाचे भार होते हे खरं. पण मीटर नियमातल्या सगळ्या चाचण्या पास झालेले होते, हेही खरं. चूक यंत्रात जेवढी, तेवढीच ती चाचणी साध्या, गुळगुळीत लाटेवर घेणाऱ्या मानकात होती.

यातून मीटर नको असा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष निघतो तो, मोजणी दुसऱ्या बाजूनं पडताळता आली पाहिजे, हा. आणि कायद्यानं ती वाट दिलेली आहे. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार रीडिंग आणि वापर जुळत नाही अशी ग्राहकानं तक्रार केली, तर पाच दिवसांत दुसरा मीटर शेजारी बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची. २०२४ च्या उन्हाळ्यात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून राज्यभर रान उठलं आणि सर्वसामान्य ग्राहकांकडे ते बसवणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. त्या गदारोळात या नियमाची आठवण फार थोड्यांनी करून दिली. विरोध बहुतेक वेळा मीटरला होतो. पडताळणीची मागणी मागं राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. भारतात बनणाऱ्या सिंगल फेज मीटरमध्ये एक खास गोष्ट आढळते. फेजमधला प्रवाह मोजला जातो, न्यूट्रलमधलाही मोजला जातो, आणि दोन्हींत जो मोठा असेल तो बिलाला धरला जातो. का? कोणी न्यूट्रल तोडून अर्थिंगवर भार चालवला तरी चोरी सुटू नये म्हणून. मीटरजवळ चुंबक धरला तर त्याची नोंद. झाकण उघडलं तर त्याची नोंद, तारीख-वेळेसह. हे सगळं योग्यच आहे, आकडा टाकून वीज चोरणाऱ्याचं बिल अखेर प्रामाणिक ग्राहकाच्या माथी येतं. पण विचार करा, या सर्किटांची सगळी बुद्धी कोणावर नजर ठेवायला तासली गेली? ग्राहकावर. ग्राहकानं शेण खाल्लं तर मीटर सांगेल. आणि कंपनीनं २३० ऐवजी १७० व्होल्ट दिले तर?

तर तेही मीटरला माहीत असतं! शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. व्होल्टेज मोजल्याशिवाय एक युनिटही मोजता येत नाही. सेकंदाला हजारो वेळा ते मोजलं जातं, गुणाकारात वापरलं जातं आणि सोडून दिलं जातं. स्मार्ट मीटरमध्ये तर सोडूनही दिलं जात नाही. स्मार्ट मीटरसाठीच्या भारतीय मानकांनुसार दर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या सरासरी व्होल्टेजची नोंद ठेवावी लागते, वीज कधी गेली, कधी आली, व्होल्टेज कधी फार उतरलं याचीही ठेवावी लागते. माहिती आहे, नोंद आहे, सर्व्हरवर जायचा रस्ताही आहे. नाही तो फक्त ग्राहकाकडे येणारा रस्ता.

आणि व्होल्टेज ही काही शोभेची माहिती नाही. इंडक्शन मोटारीचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की पीळ एकोणीस टक्के उतरतो. विहिरीतलं पाणी मात्र तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटार प्रवाह जास्त ओढते, वाइंडिंग तापतं आणि एके रात्री जळतं. मग रिवाइंडिंगचा खर्च, आठवडाभर पाणी बंद, वाळलेलं पीक. याची भरपाई कोण देतं? ठरलेल्या व्होल्टेजच्या वरखाली सहा टक्के ही मर्यादा आपल्याकडे जुनी आहे. ती मोडली हे शेतकऱ्यानं सिद्ध कसं करायचं? मोटार जळाल्याचा पुरावा त्याच्याकडे असतो, ती कशानं जळाली याचा नसतो.

ग्राहकाच्या बाजूनं व्होल्टेज मोजून दाखवणारे लोक आपल्याच जिल्ह्यात होते, आहेत. पुण्याची ‘प्रयास’ संस्था आणि तिच्या ऊर्जागटाचे गिरीश संत यांचं नाव इथं आदरानं घेतलं पाहिजे. १९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ कराराचा हिशेब सामान्य माणसाच्या बाजूनं मांडणाऱ्यांत ते आघाडीवर होते. २०१२ मध्ये ते अकाली गेले. पुढं याच संस्थेनं एक साधं उपकरण अनेक राज्यांतल्या घरांत, शेतांत, दुकानांत बसवलं. प्लगमध्ये खोचायचं, ते मिनिटामिनिटाचं व्होल्टेज टिपणार आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवणार. नोंदी सगळ्यांना पाहायला खुल्या. एवढ्यानं काय झालं? ‘गावाला चोवीस तास वीज’ या सरकारी वाक्याशेजारी, त्या गावातल्या त्या घरात संध्याकाळी किती तास अंधार होता, हे मांडता आलं. सर्किट तेच, व्होल्टेज उतरवायचे रोधक, कन्व्हर्टर, घड्याळ. फरक इतकाच, की ते ग्राहकाच्या बाजूला लावलेलं होतं.

मीटरमधली व्होल्टेजची नोंद ग्राहकाला द्या म्हटलं, की तीन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. त्याचं उत्तर वर आलंच, ज्याच्याविना बिलच निघत नाही ते व्होल्टेज आधीच मोजलेलं आहे. दुसरा खासगीपणाचा. अर्ध्या तासाचा वापर उघडा केला तर घरात कोण कधी असतं हे कळेल, ही भीती रास्त आहे, आणि वापराची नोंद ज्याची त्यालाच दिसली पाहिजे. पण व्होल्टेज हे काही एखाद्या घरचं गुपित नाही, ते डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांचं मिळून आहे. डीपीनुसार ते जाहीर करायला काहीच आडकाठी नाही. तिसरा आक्षेप कंपनीच्या अभियंत्यांचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. व्होल्टेज उतरण्यात ग्राहकाचाही दोष असतो, असं ते म्हणतात. पंपाला कपॅसिटर नसतो, ऑटो स्विचमुळं वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, सर्व्हिस वायर जीर्ण असते, आकडे पडलेले असतात. हे अगदी खरं आहे. पण म्हणूनच तर नोंद हवी! एका डीपीवरच्या सगळ्याच मीटरांवर व्होल्टेज एकाच वेळी उतरलं, तर दोष लाईनीत किंवा डीपीत. एकाच मीटरवर उतरलं, तर त्या ग्राहकाच्या वायरीत. वीज येताच पाच मिनिटं कोसळून सावरलं, तर ऑटो स्विचचा परिणाम. आज हे भांडण वायरमनच्या तोंडावर होतं, आणि बिचाऱ्या वायरमनकडे उत्तर नसतं.

आता शेतीपंपांकडे या. राज्यात १९७० च्या दशकात पंपांना अश्वशक्तीवर ठरावीक आकारणी सुरू झाली आणि मीटरचं महत्त्व संपलं. २००३ च्या वीज कायद्यानं दोन वर्षांत सर्व पुरवठा मीटरमधूनच करायला सांगितलं, ते शेतीत आजही पुरतं झालेलं नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे आणि सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. मग शेतकरी विचारतो, ‘फुकट आहे तर मीटर कशाला? आज मीटर, उद्या बिल.’ ही शंका अनुभवातून आली आहे, तिला दोष देता येणार नाही. पण दुसरी बाजू पाहा. मीटर नाही म्हणून शेतीचा वापर अंदाजानं धरला जातो. अंदाज जेवढा फुगेल तेवढी गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावाखाली लपते, आणि ‘शेतकरी एवढी वीज खातो’ हा शिक्का त्याच्यावर बसतो. न मोजल्याचा फायदा त्याला होत नाही, बदनामी मात्र त्याचीच होते. माझं मत असं, की प्रत्येक पंपावर मीटरचा हट्ट धरू नये. फीडरवर आणि डीपीवर चोख मीटर बसवावेत, आणि त्यांच्यावरून युनिटसोबत पुरवठ्याचे तास आणि व्होल्टेजही गावाला कळावं. शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिलावहिला प्रयोग झाला. दिवसा वीज देण्याचं या योजनेचं वचन पाळलं जातंय का, हे सांगायला फीडरवरचा मीटर पुरेसा आहे.

असे मीटर बनवणारे हातही इथंच तयार होऊ शकतात. रांजणगाव एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला केंद्रानं २०२२ मध्ये मंजुरी दिली. सुमारे २९७ एकर जागा, ४९२ कोटी ८५ लाखांचा प्रकल्प. इथल्या आयटीआयची आणि पॉलिटेक्निकची मुलं उद्या सर्किट बोर्डावर काम करतील. डीपीवर बसवायचा, गावाला दिसेल असा व्होल्टेजनोंदक ही त्यांच्या आवाक्यातली वस्तू आहे, आणि तिला गिऱ्हाईक म्हणून इथली प्रत्येक ग्रामपंचायत आहे.

शेवटी कायद्याची एक गोष्ट, जी आपल्या सगळ्यांच्या हातातली आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांनुसार, सेवेची जी मानकं दुरून तपासता येतात त्यांच्याबाबत ग्राहकाला भरपाई आपोआप मिळाली पाहिजे, अर्ज न करता. स्मार्ट मीटर येईपर्यंत ‘दुरून तपासता येत नाही’ हे उत्तर चालून जात होतं. ज्या मीटरवरून ग्राहकाची वीज दुरून तोडता येते, त्याच मीटरवरून त्याची वीज किती तास गेली हे दुरून कळत नाही, असं आता कोणालाही म्हणता येणार नाही. वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावांवर पुण्यात जनसुनावणी घेतो. पुढच्या सुनावणीत रांजणगावच्या कारखानदारांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून एकच मागणी लेखी द्यावी. बिलावर जिथं मागच्या बारा महिन्यांची युनिटं छापतात, तिथं आणखी एक ओळ हवी. या महिन्यात तुमच्या मीटरवर वीज किती तास नव्हती, किती तास व्होल्टेज मर्यादेखाली होतं, आणि त्यापोटी बिलातून किती रुपये वजा केले.